उजेड कुठल्या बाजूचा?

घरात उजेड कुठून येतो यावरून त्या घरातल्या माणसांची नियत कळते, असं हबीबचाचा म्हणायचे. हे वाक्य ते इतक्या गंभीरपणे उच्चारायचे की ऐकणारा आधी मान डोलवायचा आणि मग घरी जाऊन गुपचूप आपल्या खिडक्या तपासायचा. मीही तपासल्या होत्या. पुढे वर्षभराने त्यांच्या घरी जाण्याचा प्रसंग आला तेव्हा कळलं, की त्यांच्या स्वतःच्या घराला एकच खिडकी आहे, ती शेजाऱ्याच्या भिंतीकडे उघडते, आणि तिच्यासमोर कपाट उभं केलेलं आहे.

जळगावातून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांची नर्सरी होती. चाळीस फूट रुंद आणि बरीच लांब, अशी एक पट्टी. तिला नाव होतं, पाटीही होती. पण पाटीवर मधुमालती चढली आणि नाव दिसेनासं झालं. मी एकदा म्हणालो, "चाचा, वेल थोडा छाटा. लोकांना नर्सरीचं नाव तरी कळू द्या." त्यावर ते म्हणाले, "वेलाला तिथलं ऊन मानवलंय सर. नावाला काय, सावलीतही चालतं."

आमची ओळख झाली ती आमच्या प्राचार्यांमुळे. मी इथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. नव्या प्राचार्यांना आल्या आल्या जाणवलं, की वाचनकक्षात प्रसन्नता कमी आहे. मुलं कमी आहेत हे त्यांना जाणवलं नाही. प्रसन्नता आणायला मला नर्सरीत पाठवण्यात आलं. चाचा कुंड्यांमध्ये उकिडवे बसले होते. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. कुठलं झाड हवं, किती हवीत, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. वरही न बघता विचारलं, "उजेड कुठल्या बाजूचा?"

मी म्हणालो, "ट्यूबलाइट आहेत की. दहा."

तेव्हा मात्र त्यांनी वर बघितलं. वडिलांचं नाव विचारल्यावर कुणी घरमालकाचं नाव सांगावं, तसं मी काहीतरी बोललो असणार.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ते आपल्या लुनावरून वाचनालयात हजर. झाड द्यायच्या आधी घर बघायचं, हा त्यांचा नियम होता. मुलगी देताना बघतात तसं; फरक एवढाच, की चाचा खरंच बघायचे. शर्टाच्या खिशातून त्यांनी घडी घातलेला कोरा पांढरा कागद काढला, खिडकीजवळच्या टेबलावर पसरला, आणि त्याच्यावर वीतभर उंचीवर पंजा धरला. हेच त्यांचं यंत्र. पंजाच्या सावलीची कड कात्रीने कापल्यासारखी पडली तर तिथे ऊन आहे. कड विरघळली पण बोटं मोजता येतात, तर भरपूर उजेड. घरातल्या झाडाला याहून जास्त काही नको. बोटं मोजता येत नाहीत, नुसता डाग पडतो, तर झाड जगेल पण वाढणार नाही. आणि काहीच पडत नसेल तर, चाचांच्या शब्दांत, "तिथे प्लास्टिकची फुलं ठेवा आणि धूळ पुसत चला."

वाचनालयातल्या कागदाकडे ते डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "इथे माणसं बसतात?"

"बसतात. वाचतात."

"माणसं चालतील," ते म्हणाले आणि कागदाची घडी घातली.

प्राचार्यांनी त्याच आठवड्यात प्लास्टिकची झाडं आणवली.

चाचा नकार देऊन माणसाला कोरडं पाठवत नसत. नकार मिळालेल्या प्रत्येकाला ते शोभेच्या लव्हाळ्याचा एक शेंडा कापून द्यायचे. हा लव्हाळा उंच, आणि दांड्याच्या टोकाला पात्यांची गोल छत्री. ती छत्री बोटभर देठासकट कापायची आणि पाण्याच्या ग्लासात उलटी बुडवायची. डोकं पाण्यात, देठ वर. "तीन आठवड्यांत मुळं फुटली, तर माझा हात खोटा आणि तुमची खिडकी खरी. मग या, कुंडी घेऊन जा." मलाही त्यांनी अशी छत्री दिली. मी ती ग्लासात घालून खिडकीत ठेवली. चौथ्या दिवशी आमच्या शिपायाने कचरा समजून फेकून दिली. त्यामुळे चाचांचा निकाल कायम राहिला.

लव्हाळ्यावर त्यांचा फार जीव. बाकीच्या नर्सऱ्यांमध्ये हेच झाड इंग्रजी नावाने विकलं जातं, आणि नाव इंग्रजी म्हटल्यावर घेणाराही जरा ताठ उभा राहतो. चाचा लव्हाळाच म्हणायचे. नर्सरीच्या मधोमध एक चिरलेली सिमेंटची टाकी होती आणि तिच्यात पट्टेरी लव्हाळ्याचं जुनं बेट. हिरव्या दांड्यांवर पांढरट रेघा. जळगावातल्या कितीतरी व्हरांड्यांत गेलेला पट्टेरी लव्हाळा हा त्याच बेटाचा तुकडा. येणाऱ्या प्रत्येकाला ते एक दांडा दोन बोटांत फिरवून बघायला लावायचे. "गवत गोल लागतं. याला तीन धारा आहेत. बघा, लागल्या?" लागल्या असं म्हटल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. एकदा मात्र आवाज खाली आणून मला म्हणाले, "याचा एक भाऊ बदनाम आहे सर. शेतातला मोथा. कितीही उपटा, पुन्हा उगवतो. पण खानदानात एखादा असतोच."

त्याला ऊन किती लागतं, यावर ते तासभर बोलू शकत, आणि बोलत. मी एकदा एका पुस्तकात वाचून सांगितलं, की बाहेर लावल्यास याला दिवसभराचं ऊन द्यावं. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पुस्तक लिहिणाऱ्याने जळगावचा मे पाहिलाय का?" पाहिला नसावा. चाचांचा हिशेब वेगळा होता. बाहेर लावायचा तर पूर्वेला लावा. सकाळचं ऊन अकरापर्यंत, पुढे भिंतीची सावली नाहीतर हिरवी जाळी. पायाशी पाणी साचलेलं असेल तर थोडं जास्त ऊनही सोसेल, पण पाणी हटलं की शेंडे तांबडे पडणार. घरात ठेवायचा तर खिडकीपासून दोन हातांच्या आत; खोलीच्या कोपऱ्यात ठेवला की दांडे उंच आणि लुळे होतात, माना टाकतात. पट्टेरी जातीला थेट ऊन नको, पण उजेड पुरेपूर हवा. कमी पडला की रेघा पुसट होत जातात आणि झाड साधं हिरवं होऊन बसतं. कुंडी दर जुम्याला पाव फेरा फिरवायची. आणि घरातली कुंडी एकदम उन्हात न्यायची नाही. आधी एक तास, मग दोन, असे आठ दिवस. "एसीतून उठवून माणसाला भर दुपारी बसस्टँडवर उभं केलं तर काय होतं?" ते विचारायचे. जळगावात याचं उत्तर कुणाला सांगावं लागत नाही.

हे सगळं कुठे शिकलात, असं विचारलं तर म्हणायचे, "वडलांच्या धुनकीजवळ." वडील पिंजारी. कापूस पिंजून गाद्या-रजया करायचे, तेही सकाळी अंगणात, तिरप्या उन्हात बसून. कापसातला काडी-कचरा तिरप्या उन्हातच दिसतो म्हणे. डोक्यावरच्या उन्हात सगळाच कापूस पांढराशुभ्र. पुढे तयार गाद्या आल्या, धुनकी भिंतीवर टांगली गेली, आणि उन्हाकडे बघायची सवय तेवढी मुलाकडे उरली.

या सवयीपायी ते एकदा एसटीने सावद्याला गेले. तिथल्या एका केळीच्या व्यापाऱ्याने नवा बंगला बांधला होता आणि दिवाणखान्यात ठेवायला त्याला बारा कुंड्या हव्या होत्या. त्या दिवशी माझं सावद्याला काम होतं, म्हणून मीही बरोबर होतो. बंगल्याला सगळीकडे काळ्या काचा. दिवाणखाना एवढा मोठा, की त्यात बोललेलं थोड्या वेळाने परत ऐकू यायचं. चाचांनी कागद पसरला, हात धरला. काही नाही.

"भाऊ, केळीच्या बागेत केवढा उजेड ठेवलाय तुम्ही," चाचा व्यापाऱ्याला म्हणाले. "घरात का नाही आणला?"

"काचा इंपोर्टेड आहेत," व्यापारी म्हणाला.

चाचा कागद घेऊन घरभर फिरले. शेवटी मागच्या दारी, पत्र्याच्या पडवीत येऊन थांबले. तिथे खाटेवर व्यापाऱ्याचे वडील बसले होते, अंगात बंडी आणि हातात अडकित्ता. नव्या दिवाणखान्यात त्यांना सोफ्यावरून घसरल्यासारखं होतं, म्हणून ते इथे बसतात, असं आम्हाला जरा संकोचून सांगण्यात आलं. चाचांनी खाटेशेजारी कागद ठेवला, हात धरला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आबा, कधीपासून बसता इथे?"

"घर झालं तवापासून. का? उठू का?"

"उठू नका. अख्ख्या बंगल्यात जागा एकट्या तुम्हाला कळलीय." मग व्यापाऱ्याकडे वळून म्हणाले, "बारा नाही, दोन कुंड्या देतो. आबांच्या दोन्ही बाजूंना ठेवा."

आबांनी सुपारी कातरता कातरता मुलाकडे पाहिलं.  

मग नर्सरीच्या दक्षिणेच्या मोकळ्या प्लॉटवर पाटी लागली. पाच मजली कॉम्प्लेक्स होणार होतं. बांधणारे मोहनशेठ. माणूस वाईट नव्हता. फक्त समोरच्याचं बोलणं संपायच्या आत 'होऊन जाईल' म्हणायची सवय होती. पाटी लागली त्याच दिवशी चाचांनी साइटवरच्या इंजिनिअरला उंची विचारली. पंचावन्न फूट. डिसेंबर होता. चाचांनी नर्सरीत एक बांबू रोवला आणि भर बाराला त्याची सावली मोजली. सावली बांबूएवढीच भरली. म्हणजे ऐन हिवाळ्यात, भर दुपारी, पंचावन्न फुटांची सावली. आणि नर्सरी चाळीस फूट रुंद. मे महिन्यात हाच प्रयोग केला तेव्हा बांबूची सावली त्याच्या पायाशीच गोळा झाली. उन्हाळ्यात, नर्सरीला सावली हवी तेव्हा, इमारत एक इंचही सावली देणार नव्हती. हिवाळ्यात, ऊन हवं तेव्हा, सगळं ऊन घेणार होती.

"लव्हाळ्याला चालेल," चाचा म्हणाले. "वर आकाश उघडं आहे, तो काढेल दिवस. गुलाबाला नाही चालणार. शेवंतीला नाही, झेंडूला नाही. आणि हिवाळ्यात गुलाब नाही विकला तर मला नाही चालणार."

मी त्यांना एक अर्ज लिहून दिला. त्यात मी 'सूर्यप्रकाशाचा नैसर्गिक अधिकार' असा शब्दप्रयोग केला होता आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. ज्या कार्यालयात अर्ज दिला तिथून उत्तर आलं, की सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही. सूर्य कुठल्या कार्यालयाशी संबंधित आहे हे कळवलेलं नव्हतं.

इमारत उभी राहत गेली. रंग लागला तेव्हा एके दिवशी मोहनशेठ स्वतः नर्सरीत आले. तळमजल्यावर स्वागताचा हॉल केला होता, उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते, आर्किटेक्टने चित्रात उंच, छत्रीसारखं काहीतरी काढलं होतं. ते चाचांकडेच मिळतं असं त्यांना कळलं होतं.

"हॉल हिरवागार दिसला पाहिजे चाचा. कायम. तुमच्या उन्हाचं मला माहीत आहे. आमची गच्ची मोकळीच आहे, पाच मजल्यांवर, दिवसभर ऊन. तुमचे गुलाब वर चढवा. होऊन जाईल."

नर्सरी वाचण्याचा तो एकच रस्ता होता, आणि तो त्या हॉलमधून जात होता. चाचा कागद घेऊन गेले. मीही गेलो. संगमरवर, दोन हत्ती, एक कारंजं. खिडकी मात्र एकही नाही. चाचांनी कागद जमिनीवर ठेवून हात धरला. हाताभोवती फिकट डाग पडले.

"आठ दिवे आहेत वर," शेठ म्हणाले. "उजेड काय कमी आहे?"

"सावल्याही आठ आहेत शेठ. पण बोटं एकीलाही नाहीत."

मला वाटलं, संपलं. पण गच्चीचं ऊन चाचांच्या डोळ्यांसमोर होतं. त्यांनी खोटं न बोलता जमेल तेवढं जमवलं. एकूण साठ झाडं. तीस कुंड्या हॉलमध्ये, आणि तीस बेटं इमारतीच्या पूर्वेला, बाहेरच्या पट्टीत, जमिनीत. आठवडाभर आतल्यांनी आत काढायचा. मग त्यांना हळूहळू बाहेर आणायचं आणि बाहेरची खणून कुंड्यांत घालून आत न्यायची. "केळीला पाण्याची पाळी देतात तशी उजेडाची पाळी," चाचा म्हणाले. शेठ म्हणाले, "होऊन जाईल." ठरलं. झाडं लागली. पूर्वेच्या पट्टीतली तर सकाळच्या उन्हात अशी उभी राहिली, की रस्त्यावरची माणसं गाड्या हळू करून बघायची.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी शेठच्या मुकादमाने आवार साफ करायला एरंडोलकडच्या दहा बाया आणल्या. शेतात निंदणी करणाऱ्या बाया. मुकादमाने सांगितलं, "हिरवळ सोडा, बाकी गवत काढा," आणि तो चहाला गेला. तो परत आला तेव्हा पूर्वेची पट्टी स्वच्छ झाली होती. तीसच्या तीस बेटं मुळासकट उपटून, माती झटकून, ढीग करून समोरच्या डांबरी रस्त्यावर उन्हात टाकलेली होती. खानदेशात वाढलेली बाई लव्हाळ्याची जात ओळखायला चुकत नाही, आणि तो मातीवर टाकला तर पुन्हा रुजतो हेही तिला माहीत असतं.

चाचांना बोलावणं आलं. ते तेव्हा घरी होते; मी त्यांना लुनावर मागे बसवून नेलं. आवारात शेठ, आर्किटेक्ट, तयारी बघायला आलेली गावातली चार प्रतिष्ठित माणसं, आणि समोर हातात खुरपी घेऊन बाया. त्यांच्यात जी वयाने मोठी होती ती न घाबरता बोलत होती.

"हाऊ मोथा शे भाऊ. आम्ही बठ्ठा उपटी टाका. एक बी गाठ ठेवी नही."

"मोथा नाहीये तो!" शेठ ओरडले. "शोभेचं झाड आहे. चाचा, सांगा यांना."

सगळे चाचांकडे बघायला लागले. एक वाक्य बोलायचं होतं. 'बाईंची चूक झाली,' एवढंच. मी बाजूला उभा राहून मनातल्या मनात ते वाक्य त्यांच्यासाठी तीन वेळा म्हटलं. चाचांनी ढिगातून एक दांडा उचलला आणि दोन बोटांत फिरवला.

"अक्का, कशावरून ओळखलं?"

"तीन धारा शेतस ना भाऊ."

चाचांनी मान हलवली. जन्मभर ते लोकांना दांडा फिरवून बघायला लावत आले होते. न सांगता बघणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं असावं. "शेठ," ते म्हणाले, "अक्कांचं बरोबर आहे. मोथा नाही, पण मोथ्याच्याच खानदानातला आहे. तो शेतात राहतो, हा शहरात आला."

"म्हणजे मी इथे मोथा लावून घेतला?"

"चांगल्या घरचा," चाचा म्हणाले.

आधी आर्किटेक्ट हसला. मग प्रतिष्ठित हसले. पदराआडून बायाही हसल्या. "पैसा दीसन मोथा कोन लावस?" असं त्यांच्यातली एक दुसरीला म्हणाली, पुरेशा मोठ्याने. शेठ हसले नाहीत. गच्चीबद्दल ते एवढंच म्हणाले, "नंतर बघू." त्या माणसाच्या तोंडून 'होऊन जाईल'ऐवजी दुसरं काही निघालेलं मी तेव्हाच ऐकलं.

उद्घाटन झालं. मोठे पाहुणे आलेच नाहीत. त्यांच्या शुभहस्ते झालं असं कोनशिलेवर आहे, कारण ती आधीच कोरून झाली होती.

आम्ही उपटलेली बेटं हातगाडीवर टाकून नर्सरीत आणली आणि पाण्याच्या बादल्यांत ठेवली. एकही मेलं नाही. निघताना चाचांनी त्या मोठ्या बाईंना एक बेट देऊ केलं होतं. त्यांनी हात मागे घेतले. "नको भाऊ. वावरमा एक गया ते शंभर व्हतीन." शेताला हे परवडत नाही, एवढं त्यांचं सरळ म्हणणं होतं, आणि चाचांनाही ते पटलं.

संध्याकाळी मी न राहवून विचारलं, "चाचा, एक वाक्य बोलायचं होतं. का नाही बोललात?"

ते बादलीत मुळं धूत होते. "सर, ती बाई चाळीस वर्षं निंदणी करतेय. तिची नजर बरोबर आहे. चार लोकांसमोर तिला खोटं पाडू? आणि कशासाठी, उन्हासाठी?" मग पुढचं बेट उचलून म्हणाले, "ऊन पाहिजे होतं, ते खरं आहे."

पुढच्या हिवाळ्यात गुलाबांना कळ्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात चाचांनी गुलाब लावलेच नाहीत. मग नर्सरी बंद करून धुळ्याला मुलीकडे जायचं ठरलं. मुलगी नसीम तिथे शिवणकाम शिकवते. जाण्याआधी चाचांनी टाकी फोडली आणि पट्टेरी बेटाचे करवतीने दहा तुकडे केले. कुठल्या घरी कुठल्या खिडकीत किती उजेड आहे, हे त्यांना सगळं तोंडपाठ होतं. नऊ तुकडे त्यांनी स्वतः लुनावरून नऊ घरी पोचवले. दहाव्याला जागा मिळेना. मी म्हणालो, "वाचनालयात द्या की." ते दुखावून म्हणाले, "सर, तुम्हाला माहीत आहे." दहावा तुकडा त्यांच्याबरोबर धुळ्याला गेला.

तिथे मे महिन्यात एक घटना घडली. नसीमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, गॅलरी पश्चिमेला. दुपारी तीन वाजता चाचा गॅलरीत कागद पसरून बसले, हात धरला आणि आत ओरडून म्हणाले, "बेटा, इथे उजेड कमी पडतोय. नुसता डाग दिसतो." नसीम त्या वेळी कपडे वाळत घालत होती. फरशीच्या चटक्याने तिला एका पायावर उभं राहावं लागत होतं.

"अब्बा," ती म्हणाली, "उजेडाला काही झालेलं नाही."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टरांच्या मते बऱ्याच वर्षांचा.

दोन्ही ऑपरेशनं झाल्यावर त्यांचा मला फोन आला. तब्येत विचारायच्या आत म्हणाले, "सर, माझ्या हाताने काही खिडक्यांवर अन्याय झालाय." ज्यांना होकार दिला होता त्यांची काळजी नव्हती, तिथे उजेड ठरवल्याहून जास्तच असणार. प्रश्न नकार दिलेल्यांचा होता. त्यांचीही यादी तोंडपाठ. आठवड्याने ते जळगावला आले, रिक्षा केली, आणि दोन दिवस घरोघर जाऊन जुने निकाल तपासले. एका घरी नवीन बिऱ्हाड होतं; त्यांनी आधी चाचांना मीटर बघणारा समजून आत घेतलं. एका घरी त्या खिडकीच्या जागी कपाट झालं होतं. ज्यांचा निकाल फिरला त्यांची चाचांनी उंबऱ्यात उभं राहून माफी मागितली. त्यातल्या बहुतेकांना कशाबद्दल ते आठवत नव्हतं.

मोहनशेठच्या हॉललाही ते गेले. मी म्हणालो, तिथे कशाला? तर म्हणाले, "चूक असेल तर त्यांच्याशीही चूक." वॉचमनच्या देखत संगमरवरावर कागद ठेवला, हात धरला. आठ फिकट डाग. बोटं एकालाही नव्हती. चाचांनी सुस्कारा सोडला; तो समाधानाचा होता, एवढं मला कळलं.

सगळ्यात शेवटी वाचनालय. त्याच खिडकीजवळ, त्याच टेबलावर त्यांनी कागद ठेवला आणि वीतभर उंचीवर पंजा धरला. मीही वाकून बघितलं. कडा मऊ होत्या, पण बोटं स्वच्छ दिसत होती. त्यांनी ती मोजली. पाच. पुन्हा मोजली.

"उत्तरेचा उजेड," ते हळू आवाजात म्हणाले. "दिवसभर सारखा. पट्टेरी लव्हाळ्याला याहून चांगली जागा अख्ख्या जळगावात नाही. आणि मी तुम्हाला प्लास्टिक घ्यायला लावलं."

मग कापडी पिशवीतून त्यांनी कुंडी काढली. तो दहावा तुकडा. धुळ्याहून मांडीवर ठेवून आणलेला. खिडकीत ठेवला, एक पाव फेरा फिरवून रेघा उजेडाकडे केल्या. खाली बशी ठेवली, ती भरली. "बशी कोरडी पडू देऊ नका. बाकी याला काही लागत नाही. उजेड आहे."

दुपारी त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेलो. धुळ्याची बस उभी होती. चाचा उजव्या बाजूला खिडकीत बसले. बस निघण्यापूर्वी मी खालून बघितलं, तर त्यांनी तिकीट उलटं करून मांडीवर ठेवलं होतं आणि त्याच्यावर पंजा धरला होता. ऊन सरळ आत येत होतं. सावलीची कड खालूनही दिसावी इतकी ठळक असणार. त्यांनी ती नीट बघितली, तिकीट खिशात ठेवलं, आणि उठून पलीकडच्या बाजूला जाऊन बसले. माझ्याकडे बघून हात हलवायचं त्या गडबडीत राहून गेलं.

दिवाळीच्या सुट्टीत वाचनालय एकवीस दिवस बंद होतं. परत आलो तेव्हा बशी कोरडी होती आणि झाड वाळलं होतं. उजेड पुरेसा होता.